अभ्यास मंडळाची निवडणूक: माझा अनुभव

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी भूगोल शिकवते. मुलांनी काय शिकायचं हे वर्गात ठरत नाही, ते विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात ठरतं. पण सिनेटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेच्या, निवडणुकीत कोण कुठल्या पॅनलमधून उभं आहे याची स्टाफरूममध्ये जेवढी चर्चा होते, तिच्या पावपटही अभ्यास मंडळाची होत नाही. २०२२ च्या अखेरीस मी या मंडळासाठी उभी राहिले आणि निवडून आले. पुढच्या वेळी कुणाला उभं राहायचं असेल किंवा नुसतं मत द्यायचं असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक विषयाला अभ्यास मंडळ असतं आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. विद्यापीठातल्या विभागाचे प्रमुख मंडळावर असतात, काही शिक्षक नामनिर्देशित होतात, आणि संलग्न महाविद्यालयांचे विभागप्रमुख आपल्यातून तिघांना निवडून देतात. तीनच! आमच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर या चार जिल्ह्यांसाठी १९९४ पासून नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. म्हणजे कुठल्याही बाजूला पाहिलं तरी चार जिल्ह्यांतल्या विभागप्रमुखांचा आवाज या तिघांच्या तोंडून जायचा.

मी उभी राहिले त्याचं कारण आमच्या वर्गात बसलेलं होतं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की मागचे दोन बाक रिकामे होतात. काही मुलं आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. नेमका तोच काळ सत्र परीक्षेचा आणि क्षेत्रभेटीचा. आणि क्षेत्रभेट म्हणजे काय, तर बस ठरवून कुठेतरी दूर जाऊन येणं. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावतात. एक धनेगावच्या धरणाला जाते, दुसरी माजलगावच्या. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यामागची मांजरा आमच्या मुलांच्या शिवारातून वाहते. हे सगळं अभ्यासक्रमात यावं असं मला फार वाटत होतं, आजही वाटतं.

पहिली अडचण मतदार यादीची. विद्यापीठ महाविद्यालयांकडून माहिती मागवतं, मग तात्पुरती यादी लागते, तीवर हरकती घेतल्या जातात आणि त्यानंतर अंतिम यादी. तात्पुरत्या यादीत आमच्या महाविद्यालयापुढे निवृत्त झालेल्या सरांचंच नाव होतं, कारण त्यांच्या जागी मी विभागप्रमुख झाल्याची माहिती कार्यालयातून वर गेलीच नव्हती. मुख्य लिपिक म्हणाले, "मॅडम, एका मतानं काय होतंय? पुढच्या बारीला बघू." मी ऐकलं नाही. नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, विभागप्रमुखपदाचं प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र, सगळं जोडून हरकत दाखल केली आणि पोच घेतली. अंतिम यादीत नाव आलं. यादीत नाव नसेल तर मतही देता येत नाही आणि उभंही राहता येत नाही, म्हणून हरकतीची मुदत एवढी महत्त्वाची.

उमेदवारी अर्जाचं काम त्या मानानं सोपं. सूचक आणि अनुमोदक त्याच मतदार यादीतले लागतात, आणि अर्जात नाव यादीत छापलंय अगदी तसंच लिहायचं. छाननी झाली, माघारीची मुदत संपली आणि अंतिम उमेदवार ठरले. मी कुठल्याच पॅनलमध्ये नव्हते. दोन्हीकडून विचारणा झाली होती. पॅनलला माझा विरोध नाही, पण भूगोलाच्या अभ्यासक्रमावर बोलायला सिनेटच्या गणिताची गरज नाही, असं माझं मत आहे.

प्रचारात मला जे दिसलं त्यानं मी खरंच अस्वस्थ झाले. यादी घेऊन एकेका महाविद्यालयात फोन लावत होते. धारूरकडच्या एका महाविद्यालयात फोन एका तरुण मुलीनं उचलला. तीन वर्गांचे भूगोलाचे सगळे पेपर ती एकटी शिकवत होती, पण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. "मॅडम, मला कुठं मत आहे? पण ते प्रात्यक्षिकाचं जरा बघा ना, नकाशे आहेत तेच अजून जुने आहेत," ती म्हणाली. कायद्यात शिक्षक म्हणजे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक. ग्रामीण भागात जागा रिकाम्या पडल्यात, तास सीएचबीवाले घेतात, आणि अभ्यासक्रम कोण ठरवणार यात त्यांना मत नाही. हे मला चूक वाटतं. त्या दिवसापासून मी विभागप्रमुखांइतकेच फोन सीएचबीच्या शिक्षकांना केले. मत मिळणार नव्हतं, पण अभ्यासक्रमात कुठं काय अडतं हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. ती टिपणं मी आजही बैठकीला नेते.

मतदानाबद्दल एक गोष्ट प्रत्येकाला नीट समजायला हवी. इथं शिक्का मारायचा नसतो, पसंतीक्रम लिहायचा असतो. आवडीच्या उमेदवारापुढे १, मग २, मग ३, असे आकडे घालायचे. १ नसेल तर मत बाद. मतमोजणीला मी टेबलाजवळ उभी होते, तिथं एका मतपत्रिकेवर तीन नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या, एकीवर दोघांपुढे १ होता. दोन्ही बाद. मत देणारे दोघंही प्राध्यापक, विभागप्रमुख. फार वाईट वाटलं.

निवडून यायला जेवढी मतं लागतात तो कोटा. तो असा काढतात: वैध मतांना निवडायच्या जागा अधिक एक या संख्येनं भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. समजा १२० मतं वैध ठरली, तर तीन जागांसाठी १२० भागिले ४ म्हणजे ३०, अधिक १, कोटा ३१. कोटा पार केलेल्याची जादाची मतं पुढच्या पसंतीकडे जातात, त्यानंतर सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. पहिल्या पसंतीत माझा गठ्ठा कोट्याला पुरत नव्हता. उमेदवार बाद होत गेले तशी दुसऱ्या पसंतीची मतं माझ्याकडे येत राहिली आणि तिसरी जागा मला मिळाली. बहुतेक उमेदवार फक्त "पहिल्या पसंतीचं द्या" म्हणत होते. मी फोनवर सांगायचे, "सर, पहिलं तुमच्या माणसाला द्या, दुसरं माझ्यासाठी ठेवा." त्याचाच उपयोग झाला.

मंडळाच्या पहिल्या बैठकीत अध्यक्ष निवडले गेले आणि मग खरं काम लागलं. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात क्षेत्र प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) आहेत, आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात. हे तास विद्यार्थ्यानं आपल्या गावात किंवा कुटुंब कामाला गेलेलं असेल तिथं भरले तरी चालतील, असा प्रस्ताव मी मांडला: विहिरीची पातळी, पाऊस, पीक, फडावरच्या पाण्याची सोय, अशा नोंदी. तपासणार कसं, हा आक्षेप आला, आणि तो रास्त होता. चर्चेअंती आठवड्याच्या नोंदवहीबरोबर ठिकाण दाखवणारे फोटो जोडायचं ठरलं. मंडळानं शिफारस केली, पण तिच्यावर विद्याशाखेत आणि विद्या परिषदेत शिक्कामोर्तब व्हावं लागतं, म्हणून मी अधिष्ठात्यांना, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखांना, दोन वेळा पत्र लिहून पाठपुरावा केला.

या मंडळाची मुदत २०२७ मध्ये संपते. त्याआधी पुन्हा यादी निघेल. तुमच्याकडे विभागप्रमुख बदलले असतील तर मान्यतेच्या पत्राची प्रत आत्ताच कार्यालयात द्या आणि आवक नोंदवहीचा क्रमांक लिहून ठेवा.