मंगळवाले पुस्तकातले खरे की पडद्यावरचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विज्ञानपटांवर कुठे बोलायला गेले की शेवटी हा प्रश्न ठरलेला: मंगळवाल्यांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची एच. जी. वेल्सची कादंबरी ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, तिच्यावरचा कुठला सिनेमा पुस्तकाला धरून आहे? विचारणाऱ्याने बहुधा टॉम क्रूझचा, म्हणजे स्पीलबर्गने २००५मध्ये केलेला, पाहिलेला असतो, एखाद्याने १९५३चा. पुस्तक वाचायचं राहून गेलेलं असतं.

उभ्या उभ्या द्यायचं उत्तर असं की धरून कुठलाच नाही. पण ते उत्तर मला स्वतःलाच पटत नाही, कारण ‘धरून’ म्हणताना लोकांच्या मनात जे असतं ते मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. तीन पायांची यंत्रं आहेत का, घोडागाड्या आहेत का, गाव तेच आहे का, वगैरे. या यादीवर जायचं तर बीबीसीने २०१९मध्ये केलेली तीन भागांची मालिका पहिली यायला हवी. तिथे इंग्लंड आहे, जुन्या काळचे कपडे आहेत, वोकिंग आहे. आणि तरी बघताना मला सारखं घड्याळाकडे बघावंसं वाटत होतं. स्वारीच्या मध्येच पुढच्या काळातली लाल, ओसाड पृथ्वी दाखवत राहिल्याने भीतीचा धागा तुटतो तो तुटतोच.

आधी पुस्तकाविषयी थोडं. एच. जी. वेल्स १८९५मध्ये लंडनजवळच्या वोकिंगला राहायला गेला. सायकल नुकतीच हाती आली होती. त्या सायकलवरून तो आजूबाजूचे रस्ते धुंडाळायचा आणि मंगळवाल्यांनी कुठलं घर पाडायचं, कुठला शेजारी मारायचा हे ठरवायचा. एका पत्रात त्याने हे मोठ्या खुशीत लिहिलंय, आणि लंडनमधला खास अत्याचार साऊथ केन्सिंग्टनसाठी राखून ठेवलाय असंही. साऊथ केन्सिंग्टनलाच तो शिकला होता, टी. एच. हक्सलेच्या हाताखाली जीवशास्त्र. (कॉलेजवर असा सूड उगवायची सोय फक्त लेखकांना असते.) १८९७मध्ये ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधून ही कथा क्रमशः आली, १८९८मध्ये पुस्तक निघालं. मंगळवाले ज्यातून येतात त्यातलं पहिलं नळकांडं पडतं ते हॉर्सेल कॉमन नावाच्या माळावर, म्हणजे त्याच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर.

कल्पना मूळ त्याच्या भावाची, फ्रँकची. दोघं सरे परगण्यात फिरत असताना ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाचा विषय निघाला: युरोपियन तिथे पोचले तेव्हा तिथल्या माणसांना काय वाटलं असेल? तसंच कुणी आभाळातून इथे उतरलं तर? पुस्तक त्या भावालाच अर्पण केलंय. आणि पहिल्याच प्रकरणात वेल्स सांगतो की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपण टास्मानियन लोकांना पन्नास वर्षांत कसं नामशेष केलं ते आठवा. इंग्रज वाचकाला त्याच्याच दिवाणखान्यात बसवून हे सांगितलंय. साम्राज्य ऐन भरात असताना.

त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवलं की हे प्रकरण मला जास्तच झोंबतं. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर पुण्यात घराघरांत घुसत होते. २२ जून १८९७च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाच्या मेजवानीहून परतताना रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. तिकडे ‘पिअर्सन्स’मध्ये मंगळवाले तेव्हा लंडनच्या वाटेवर होते. वेल्सच्या मनात पुणं होतं असं मी म्हणत नाही, त्याच्या मनात टास्मानिया होता. पण परक्याची फौज उंबरठा ओलांडून आत आली की कसं वाटतं, हे कळायला मराठी वाचकाला मंगळापर्यंत जावं लागत नाही. सिनेमातून नेमकं हेच गळून पडलं. दोन्ही वेळा.

आता ज्यासाठी विचारलंत तिकडे येते. मी सिनेमे तपासते ते एकाच जागी: पडक्या घरात.

पुस्तकात निवेदक आणि एक पाद्री पळता पळता शीन नावाच्या उपनगरात एका रिकाम्या घरात शिरतात. पाचवं नळकांडं नेमकं शेजारच्या घरावर येऊन आदळतं. बाहेर खड्ड्यात मंगळवाल्यांचा तळ, आत ढिगाऱ्यात ही दोन माणसं. भिंतीला एक फट. त्या फटीतून बघायला मिळावं म्हणून दोघं लाथाबुक्क्यांनी भांडतात, आवाज होऊ न देता. खायचं पुरवून पुरवून खायचं, त्यावरूनही भांडण. बाहेर मंगळवाले माणसांचं रक्त काढून स्वतःच्या अंगात भरताना दिसतात. दिवस जातात तसा पाद्री बिथरतो, मोठमोठ्याने पापाच्या गोष्टी बोलू लागतो, आता जाऊन साक्ष देतो म्हणून दाराकडे निघतो. निवेदक भिंतीवरचा खाटकाचा सुरा घेतो, त्याच्यामागे जातो आणि अगदी शेवटच्या क्षणी पातं मागे फिरवून मुठीकडच्या बाजूने घाव घालतो. माणुसकीचा शेवटचा अंश, असं तो स्वतःच म्हणतो. पाद्री कोसळतो. मग फटीतून धातूचा एक लांब हात आत येतो, चाचपडत, आणि त्याला ओढून नेतो. निवेदक कोळशाच्या कोठीत दडतो. तो हात तिथेही येतो, दाराची कडी चाचपतो, दार उघडतो, कोळसा चाचपतो. एकदा त्याच्या बुटाच्या टाचेला लागतो. तो ओरडण्याच्या बेतात असतो. स्वतःचाच हात चावून गप्प राहतो.

नंतर तो आपली बाजू मांडत बसत नाही. मला पश्चात्ताप नाही, पण ते डोळ्यांपुढून हलतही नाही. साक्षीदार कुणी नव्हता, लपवता आलं असतं, तरी लिहिलं, न्याय वाचकाने करावा. एवढंच.

१९५३च्या सिनेमात, म्हणजे जॉर्ज पाल निर्माता आणि बायरन हॅस्किन दिग्दर्शक असलेल्या, हे घर आहे. फक्त कॅलिफोर्नियात. शास्त्रज्ञ फॉरेस्टर आणि सिल्व्हिया तिथे आसऱ्याला येतात, अंडी खायला बसतात आणि शेजारी नळकांडं येऊन पडतं. वायरीच्या मानेवरचा यांत्रिक डोळा आत शिरतो. फॉरेस्टर कुऱ्हाडीने तो तोडतो. सिल्व्हियाच्या खांद्यावर मंगळवाल्याची तीन बोटं टेकतात तो क्षण आजही अंगावर काटा आणतो, हे मान्यच. पण घरातून निघताना त्यांच्या हातात काय असतं? तोडलेला डोळा आणि रक्त लागलेला स्कार्फ, म्हणजे प्रयोगशाळेसाठी नमुने. ज्या घरातून पुस्तकातला माणूस हात बरबटवून निघतो, त्याच घरातून सिनेमातला नायक कमाई करून निघतो. आणि पाद्री? त्याला तर हुतात्माच केलंय. सिल्व्हियाचा काका बायबल हातात धरून, स्तोत्र म्हणत, यंत्रांकडे चालत जातो आणि जळून मरतो. पुस्तकातला खादाड, रडका, धीर सुटलेला पाद्री १९५३च्या अमेरिकेत पडद्यावर आणायची कुणाची छाती नसावी.

तरी हा सिनेमा मला आवडतो. त्यातली यंत्रं अल्बर्ट नोझाकीने आखली: तांब्याच्या रंगाची, समुद्रातल्या पाकट माशासारखी पसरट, वर नागासारखी मान. तीन पाय नाहीत म्हणून लोक नाक मुरडतात. मुरडोत. ती हवेत सरकत येतात तेव्हाची सफाई कुठल्याही पायांना जमली नसती. स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. तो अणुबाँबच्या धास्तीचा सिनेमा आहे. सैन्य शेवटी अणुबाँब टाकतं, धूर ओसरतो आणि यंत्रं तशीच पुढे येतात. तेव्हाच्या प्रेक्षकाला याहून भीतिदायक काही दाखवता आलं नसतं.

इथे एक गोष्ट सहज सुटून जाते. यंत्रांभोवतीचं ते अदृश्य कवच पुस्तकात नाहीच! ते १९५३वाल्यांनी आणलं आणि २००५मध्ये स्पीलबर्गने ठेवलं. वेल्सच्या मंगळवाल्यांना तोफगोळा लागतो. शेपर्टनला एक यंत्र तोफेने पडतं. ‘थंडर चाइल्ड’ नावाची युद्धनौका माणसांनी भरलेली आगबोट वाचवायला दोन यंत्रांना घेऊन बुडते. माणसं मधूनमधून जिंकतात आणि तरी हरतात, कारण एक यंत्र गमावलं की मंगळवाले शहाणे होतात आणि पुढच्या वेळी तोफांच्या टप्प्यात न येता काळा विषारी धूर सोडतात. वसाहतीतली युद्धं अशीच होत होती. १८७९मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांची आख्खी तुकडी कापली, आणि त्याच वर्षी त्यांचं राज्य गेलं. पुस्तक आलं त्याच वर्षी, १८९८मध्ये, सुदानात ओमदुरमानला इंग्रजांच्या मॅक्सिम मशीनगनांपुढे एका सकाळीत दहा हजारांच्या आसपास माणसं पडली. इंग्रजांच्या बाजूची मेलेली माणसं पन्नासच्या आत. कवच घातलं की हा सगळा हिशेब संपतो. मग ती फक्त न फुटणारी वस्तू उरते. ‘थंडर चाइल्ड’ या दोन्ही सिनेमांत नाही, आणि कवच आहे तोवर असूही शकत नव्हती.

आता स्पीलबर्ग. इथे मंगळाचं नाव नाही; मंगळाजवळून यानांनी फोटो पाठवल्यावर तिथे शहाणं कुणी राहतं असं म्हणायची सोय उरली नव्हती. यंत्रं आधीच जमिनीत पुरलेली असतात, हा शोध मला कधीच पटला नाही. एवढ्या शहरांखाली एवढं खणकाम झालं आणि पाण्याचा पाइप टाकणाऱ्यालाही काही लागलं नाही? पण पडकं घर त्याला कळलंय. तळघरात टिम रॉबिन्सचा ओगिल्वी आहे. नाव पुस्तकातल्या खगोलशास्त्रज्ञाचं, स्वभाव पाद्र्याचा, आणि बोगद्यांत राहून लढायच्या गप्पा पुस्तकातल्या तोफखान्याच्या शिपायाच्या. तो बाहेरचं रक्तशोषण बघून बिथरतो, ओरडू लागतो. रे, म्हणजे टॉम क्रूझ, मुलीचे डोळे फडक्याने बांधतो, तिला कानांत बोटं घालून गाणं म्हणायला सांगतो, आत जातो आणि दार लावून घेतो. कॅमेरा मुलीवरच. आत काय झालं ते आपण पाहत नाही. तो बाहेर येतो आणि तिच्याशेजारी बसतो.

वेल्सच्या सगळ्यात जवळ पोचलेला हा एकमेव प्रसंग. फरक एवढाच की रेपाशी मुलगी आहे. बापाने लेकरासाठी केलं म्हटलं की प्रेक्षक लगेच माफ करतो. पुस्तकातल्या निवेदकाला अशी सबब नाही, त्याने फक्त स्वतःचा जीव वाचवला. हॉलिवुडला तेवढं पुरलं नसतं.

बाकी हा सिनेमा ११ सप्टेंबर २००१नंतरचा आहे हे सुरुवातीलाच कळतं. जळालेल्या माणसांची राख अंगावर घेऊन रे घरी येतो, आणि मुलगी पुढे विचारते, अतिरेकी आहेत का? आग लागलेली आगगाडी फाटकावरून धाडधाड निघून जाते आणि लोक काही न बोलता पुन्हा चालू लागतात, ते मी विसरलेले नाही. मेलाच असं वाटलेला मोठा मुलगा रॉबी शेवटी बोस्टनमध्ये सुखरूप भेटतो, यावर मात्र हॉल हसतो आणि मीही हसते. पण गोड शेवटाचं खापर एकट्या सिनेमावर फोडू नका. पुस्तकातही निवेदकाची बायको जिवंत परत भेटते.

जंतूंनी मंगळवाले मरतात ही पळवाट नाही का, असंही विचारता. नाही. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात मंगळवाले आपल्याला कसे न्याहाळत होते ते सांगितलंय: सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबातले जीव न्याहाळावेत तसे. हक्सलेच्या विद्यार्थ्याने शेवट सुरुवातीलाच लिहून टाकलाय. स्पीलबर्गने ते ओळखलं, त्याचा सिनेमा थेंबातल्या जीवांपासूनच सुरू होतो. १९५३चा सिनेमा मात्र चर्चमधल्या प्रार्थनेला बराचसा मान देऊन जातो.

तेव्हा असं करा. मुलांबरोबर बघायचा तर १९५३चा. रात्री एकट्याने बघायचा तर स्पीलबर्गचा, पण ओगिल्वीचा प्रसंग झाला की पुढचा अर्धा तास थोडा सैल सोडून. पुस्तक पूर्ण होत नसेल तर दुसऱ्या भागाची पहिली चार प्रकरणं वाचा, पडकं घर तिथेच आहे. मग पहिल्या भागातलं सतरावं, ‘थंडर चाइल्ड’चं. वेल्स १९४६मध्ये गेला, त्यामुळे आपल्याकडे पुस्तकावरचा कॉपीराइट कधीच संपलाय. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर ते फुकट मिळतं.