उंची नको, क्षेत्रफळ बघा: प्रसामान्य वितरण वाचताना

प्रसामान्य वितरणाचा घंटेच्या आकाराचा वक्र सगळे ओळखतात, पण वाचताना पहिल्याच पायरीवर घसरतात. वक्राची उंची म्हणजे शक्यता, असं वाटतं. पण उंची ही घनता आहे, म्हणजे त्या जागी आकडे किती दाटीने आहेत ते. शक्यता म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत, याचं माप) ०.१ असेल तर शिखराची उंची जवळपास ३.९९ भरते, आणि शक्यता तर १ च्या वर कधीच जात नाही. एवढं एक पटलं की पुढचं बरंच सुटतं.

वक्र ठरतो दोन आकड्यांवर. सरासरी त्याची जागा ठरवते, प्रमाण विचलन पसारा. शिखरावरून उतरताना वक्राचा बाक जिथे उलटतो, तो बिंदू सरासरीपासून बरोबर एक प्रमाण विचलनावर असतो. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक विचलनाच्या आत ६८.२७ टक्के क्षेत्रफळ, दोनच्या आत ९५.४५, तीनच्या आत ९९.७३.

आता गणित करू. यंत्र पिशव्या भरतं, सरासरी ५०० ग्रॅम, प्रमाण विचलन ४ ग्रॅम. ४९४ ग्रॅमपेक्षा हलक्या पिशव्या किती? आधी कच्ची आकृती काढा आणि हवा तो भाग छायांकित करा. ही पायरी कधीही गाळू नका. मग झेड काढा, म्हणजे आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे ते: (४९४ − ५००) ÷ ४ = −१.५. झेडच्या डावीकडचं क्षेत्रफळ देणाऱ्या तक्त्यात १.५ समोर ०.९३३२ सापडतं. वक्र दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणून −१.५ च्या डावीकडची शेपटी १ − ०.९३३२ = ०.०६६८. हजारात साधारण ६७ पिशव्या.

पण काही तक्ते क्षेत्रफळ मध्यापासून मोजतात, त्यांत १.५ समोर ०.४३३२ असतं. ते १ मधून वजा केलंत तर ०.५६६८ येईल, खरं तर ०.५ मधून वजा करायचं. इथे आकृती वाचवते, कारण छायांकित भाग अर्ध्यापेक्षा मोठा असूच शकत नाही हे डोळ्यांना दिसतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रचरणाने, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गाने, भागणं. प्रश्नात प्रचरण १६ दिलेलं असतं, वर्गमूळ घ्यायचं राहून जातं, झेड −०.३७५ येतो आणि उत्तर ३५ टक्क्यांवर पोहोचतं.

उलटा प्रश्न कामाच्या ठिकाणी जास्त पडतो. हलक्या पिशव्या २ टक्केच चालणार असतील तर सरासरी कुठे ठेवायची? डावीकडे २ टक्के सोडणारा झेड −२.०५४. म्हणजे ४९४ + २.०५४ × ४, साधारण ५०२.२ ग्रॅम.

झेड काढला म्हणून आकडेवारी प्रसामान्य होत नाही. फक्त मोजपट्टी बदलते. कललेली, म्हणजे एकाच बाजूला लांब शेपटी असलेली, आकडेवारी कललेलीच राहते. प्रतीक्षेचा वेळ घ्या: सरासरी ६ मिनिटं, प्रमाण विचलन ५. प्रसामान्य वक्र लावला तर साडेअकरा टक्के लोकांची प्रतीक्षा शून्याहून कमी निघते! ऋण होऊच न शकणाऱ्या राशीत सरासरीतून दोन विचलनं वजा केल्यावर ऋण आकडा आला, की हा वक्र बाजूला ठेवा.

मात्र अशा १०० स्वतंत्र प्रतीक्षांची सरासरी घेतली, तर ती प्रसामान्य वितरणाच्या बरीच जवळ जाते. तिथे विचलन ५ नव्हे, ५ ÷ √१०० म्हणजे ०.५ वापरायचं. आणि येणारं उत्तर त्या सरासरीबद्दल असतं, रांगेतल्या एखाद्या माणसाला किती थांबावं लागेल याबद्दल नाही.