सहीची साक्ष

परवा दुपारी दादरच्या एका बँकेत माझी सही नापास झाली. खिडकीपलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, सही टॅली होत नाहीये, प्रमाणीकरण करावं लागेल." सही हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच खरे, बरोबर असा आहे; तेव्हा जिच्या खरेपणाची शंका यावी तिला सही तरी का म्हणावे, असे मनात आले, पण मागे रांग होती.

आमच्या लहानपणी या कामाला साक्षांकन म्हणत. गिरगावात आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक राजपत्रित अधिकारी राहत असत आणि अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्या दारापुढे गॅलरीत मुलांची रांग लागे. ते हिरव्या शाईचे पेन झटकून हाताशी ठेवत, मूळ गुणपत्रिका आणि झेरॉक्स शेजारी शेजारी मांडत, प्रत्येक आकड्याखालून बोट फिरवत आणि "गणितात एक्केचाळीस?" असे साऱ्या गॅलरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारूनच सही करत. साक्षी म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा. माझ्या एक्केचाळीस गुणांना असे निदान वीस साक्षी होते. 2014 च्या सुमारास सरकारी कामांत स्वयंसाक्षांकन रूढ होऊ लागले, आणि माझी साक्ष मीच देऊ लागलो. सोय झाली हे खरे. पण आता ती गुणपत्रिका कोणी वाचत नाही, मीसुद्धा नाही.

पासवर्डलाही बँकेतला हाच प्रमाणीकरण शब्द लावतात, ते मला खटकते. न्यायदर्शन या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, अशी खरे ज्ञान मिळवण्याची चार साधने, प्रमाणे, आहेत. त्या हिशेबाने परवलीचा शब्द हे शब्दप्रमाण म्हणावे, तर तो कोणी ऐकलेला चालत नाही. चांगली यंत्रणा तो जसाच्या तसा साठवतसुद्धा नाही, त्यापासून गणिताने काढलेला ठसा तेवढा ठेवते आणि ठशाशी ठसा ताडते. एक अक्षर चुकले की संपले. सहीचे तसे नाही. हात म्हातारा होतो तशी तीही होते, आणि तेवढे समजून घ्यायला समोर माणूस लागतो. म्हणून मी सहीची ओळख पटवतो आणि पासवर्ड पडताळतो. बँकेने काय म्हणावे ते तिने ठरवावे.

मुलीने नमुन्यासाठी कोरा कागद पुढे सरकवला. मी तीन सह्या केल्या, तिन्ही वेगळ्या आल्या. तिने जुन्या कार्डाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मधलीवर टिक केली.