रोजच्या पिशवीतला कॅमेरा: आधी लेन्स, मग बॉडी

छोटा मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घ्यायचा ठरला की बहुतेक जण बॉडीपासून सुरुवात करतात. मेगापिक्सेल किती, व्हिडिओ कुठला, सोनी की कॅनन, आणि मग सोबत येईल ती किट लेन्स मुकाट घरी आणतात. चार महिन्यांनी कॅमेरा कपाटात जातो आणि "त्यापेक्षा माझा फोनच बरा" हे वाक्य ऐकू येतं. ते वाक्य खोटं नसतं. त्यामागे सरळ हिशेब आहे.

चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, क्षेत्रफळ साधारण ७० चौरस मिलिमीटर असतं. सोनी, फुजी, निकॉनच्या एपीएस-सी सेन्सरचं ३६५ च्या आसपास, म्हणजे पाचपट. कागदावर कॅमेरा जिंकला. पण फोनची लेन्स एफ/१.८ ची आहे (हा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) आणि किट लेन्स झूम करून ताणली की एफ/५.६ वर येते. एफ/५.६ मधून येणारा उजेड एफ/१.८ च्या जवळजवळ एक दशांश. पाचपट मोठा सेन्सर, दहापट कमी उजेड. म्हणजे एवढे पैसे मोजून फोनच्या निम्मा प्रकाश हाती आला. वर फोन एकावर एक आठ-दहा फ्रेम रचून आवाज, म्हणजे फोटोतले दाणे, पुसून टाकतो. संध्याकाळी घरात काढलेले फोटो फोनवरच बरे दिसणार, नाही तर काय?

आता त्याच बॉडीवर एफ/२ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स लावा. घरातल्या नेहमीच्या दिव्यात पळणारं मूल स्पष्ट टिपायला शटर १/२५० सेकंद लागतं. एफ/२ वर तिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) १६०० च्या आसपास काम भागतं. एफ/५.६ वर त्याच फोटोला १२८०० लागेल. आयएसओ १६०० चा फोटो ए३ कागदावर छापता येतो. १२८०० चा व्हॉट्सॲपपुरता ठीक. एपीएस-सी सोडून फुल फ्रेमवर (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) गेलात तरी सव्वा स्टॉपच मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आणि इथे नुसती लेन्स बदलून तीन स्टॉप मिळाले. म्हणून बजेट ठरवताना निम्मे नाही तरी निदान एक तृतीयांश पैसे लेन्ससाठी राखून ठेवा, आणि बॉडी एक पायरी खालची घ्या.

कुठली लेन्स, हे तुमचा फोनच सांगेल. गॅलरीत मागच्या सहा महिन्यांचे फोटो उघडा आणि किती १एक्स वर आहेत, किती २एक्स वर, ते मोजा. फोनचं १एक्स म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत २४ ते २६ मिमी (आकडा लहान तितकी चौकट रुंद), २एक्स म्हणजे ५० च्या आसपास. बरेचसे १एक्स वर असतील, पण तुम्ही ते कडेने कापत असाल, तर तुमची नजर ३५ ते ४० मिमीची आहे. त्यासाठी एपीएस-सी वर २३ किंवा २७ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सवर (ऑलिंपससारख्यांचा, एपीएस-सीहून लहान सेन्सर) १७ किंवा २० मिमी. मुख्यतः चेहरे, ताटं, झाडं, वस्तू टिपत असाल तर एपीएस-सी वर ३५ आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २५. एपीएस-सी लेन्सच्या आकड्याला १.५ ने गुणलं की फुल फ्रेमचा आकडा येतो; कॅननचा एपीएस-सी सेन्सर जरा लहान आहे, तिथे १.६ ने गुणायचं. लहान घरात ३५ मिमी एपीएस-सी लेन्स अडचणीची होते, पाठ भिंतीला टेकली तरी माणसं फ्रेममध्ये मावत नाहीत. वन-बीएचकेत राहणाऱ्याने २३ च्या बाजूलाच झुकावं.

दुसरी गोष्ट जाडीची. जाहिरातीत बॉडीचं वजन छापतात, पण पिशवीत बॉडी आणि लेन्स जोडून जाते. फुजीची २७ मिमी एफ/२.८ लेन्स २३ मिमी जाड आणि ८० ग्रॅमच्या आसपास वजनाची. फुजीच्याच एक्स-एम५ ची बॉडी ३५५ ग्रॅम, जाडी ३८ मिमी. दोन्ही मिळून सहा सेंटिमीटर, म्हणजे ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी सहज मावते. त्याच बॉडीवर सिग्माची ३० मिमी एफ/१.४ चढवली की पाव किलोहून जड नळी पुढे येते. फोटो सुरेखच, पण मग कॅमेऱ्याला वेगळी बॅग लागते, आणि वेगळी बॅग लागली की "आज राहू दे" सुरू होतं. माझ्या मते एकशे पस्तीस ते एकशे ऐंशी ग्रॅमची एफ/१.८ किंवा एफ/२ लेन्स हा रोजच्यासाठी योग्य समेट: सोनी ३५ मिमी एफ/१.८ (१५४ ग्रॅम), फुजी २३ मिमी एफ/२ (१८० ग्रॅम), निकॉन २४ मिमी एफ/१.७ (१३५ ग्रॅम). मायक्रो फोर थर्ड्स इथे सगळ्यांच्या पुढे आहे: ऑलिंपस १७ मिमी एफ/१.८ अवघी १२० ग्रॅम, ४५ मिमी एफ/१.८ ११६ ग्रॅम.

लेन्स ठरली की माउंट, म्हणजे लेन्स जोडायची कडी, आपोआप ठरतो, आणि माउंट म्हणजे लग्नच. बॉडी चार वर्षांनी बदलते, लेन्स दहा वर्षं राहतात.

सोनीचा ई-माउंट २०१० पासूनचा. सिग्मा, टॅमरॉन, विल्ट्रॉक्स अशा बाहेरच्या कंपन्या, सगळ्यांच्या लेन्स यावर मिळतात, सेकंडहँड बाजारातही सर्वाधिक माल याचाच. ए६४०० (४०३ ग्रॅम, २०१९) अजूनही रोजच्यासाठी भरपूर आहे. फोकस डोळा पकडून धरतो आणि सोडत नाही. मेन्यू मात्र रुक्ष. फुजीची ताकद छोट्या प्राइम लेन्स आणि कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपेगच्या रंगांत आहे. रॉ (कच्ची, प्रक्रिया न केलेली) फाइल घेऊन संगणकासमोर बसायचं नसेल तर हाच. कॅनन आर५० (३७५ ग्रॅम, २०२३) हातात घेताच समजतो, मेन्यू सर्वांत सोपा, पण त्याच्या आरएफ माउंटवर एपीएस-सीसाठीच्या लेन्स बरीच वर्षं मोजक्याच होत्या. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना दार उघडलं तेव्हा परिस्थिती सुधारली. कॅननचीच आरएफ २८ मिमी एफ/२.८ मात्र आधीपासून आहे, १२० ग्रॅमची चपटी चकती, आर५० वर साधारण ४५ मिमीचं काम करते. आर१०० स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका: स्क्रीन हलत नाही आणि टचही नाही. निकॉनची झेड एफसी दिसायला देखणी, झेड३० स्वस्त; दोन्हीच्या पकडीत फरक आहे, म्हणून हातात धरूनच ठरवा. मायक्रो फोर थर्ड्स घेण्याआधी तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, ते बघा. लेन्स कितीही आवडल्या तरी.

सेकंडहँड बाजारात कॅनन एम५० स्वस्तात दिसेल. त्याचा ईएफ-एम माउंट कॅननने बंद केला आहे आणि आरएफ लेन्स त्यावर बसत नाहीत. तरीही "मला एकच लेन्स हवी, पुढे वाढवायचं नाही" असं ज्याचं पक्कं आहे, त्याने एम५० वर २२ मिमी एफ/२ (१०५ ग्रॅम) घेतली तर पैसे वसूल आहेत. मन डळमळीत असेल तर दूर राहा.

आता माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतात त्या दोन-तीन गोष्टी. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे सेन्सर हलवून हाताचा कंप खाणारी यंत्रणा, ऑलिंपस ई-एम१० मार्क ४, सोनी ए६७००, फुजी एक्स-टी५० यांत आहे. ए६४००, आर५०, झेड एफसी, एक्स-एम५ यांत नाही. देवळाचा गाभारा, रात्रीची गल्ली अशा स्थिर विषयांना तिचा मोठा उपयोग. पळणाऱ्या मुलाला काहीही उपयोग नाही, कारण हलतोय तो, तुमचा हात नाही. घरात लहान मूल आहे म्हणून स्टॅबिलायझेशनसाठी जास्त पैसे मोजणं हा नेहमीचा गोंधळ.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नसलेले कॅमेरे (एक्स-एम५, झेड३०, झेडव्ही-ई१०) छोटे आणि स्वस्त असतात. एप्रिलमधल्या दुपारी सोलापुरात त्यांच्या स्क्रीनवर फक्त तुमचाच चेहरा दिसेल. बाहेर उन्हात जास्त फोटो काढणाऱ्याने व्ह्यूफाइंडर सोडू नये.

आणि शटर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं: फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. सोनीच्या झेडव्ही-ई१० च्या दुसऱ्या आवृत्तीत यांत्रिक शटरच नाही, ती व्हिडिओवाल्यांची वस्तू आहे. इतरांनी दिव्याखाली यांत्रिक शटर ठेवावं, आणि तरी एक फ्रेम उजळ, एक पिवळट असं होत असेल तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणावं. स्टेशनवरच्या इंडिकेटरची अक्षरं अर्धवट येत असतील तर तेही लुकलुकण्यामुळेच, पण ते त्या फलकाचं स्वतःचं, विजेचं नव्हे. तिथे शटर साधारण १/६० किंवा त्याहून हळू ठेवावं लागतं.

सेकंडहँड घेणार असाल, मग ते मुंबईच्या बोरा बाजारात असो की ओळखीच्या माणसाकडून, तर पंधरा मिनिटं आणि स्वतःचं कार्ड हवं. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून आत बघा; टॉर्च सरळ धरला तर डोळे दिपतील आणि काहीच दिसणार नाही. लेन्स सावकाश फिरवत राहा. सुटे पांढरे ठिपके म्हणजे धूळ. पाच-सात कणांनी फोटोत काही फरक पडत नाही, पण किंमत पाडायला ते उपयोगी. कडेपासून आत शिरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. सगळीकडे सारखा दुधाळ थर असेल तर तोही नको. उजेडासमोर फोटो काढला की सगळं धुरकट येईल. माउंटच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे.

मग सेन्सर. लेन्स बसवा, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६, आयएसओ १००, मॅन्युअल फोकस मुद्दाम बिघडवा, पांढऱ्या भिंतीचे किंवा आभाळाचे दोन फोटो काढा. स्क्रीनवर मोठे करून बघा. दोन्हीत त्याच जागी करडे गोल डाग असतील तर धूळ, ती बहुधा ब्लोअरने जाते. त्याच जागी बारीक रेघ असेल तर ओरखडा, तो जात नाही. बॅटरी टेबलावर ठेवून बोटाने फिरवा: भिंगरीसारखी फिरली तर फुगली आहे. डायल एकेक टिचकी फिरवून बघा, जुने डायल एका टिचकीत दोन आकडे उडी मारतात. बारीक घडी होणारी पॉवर (मोटरवर चालणारी) झूम लेन्स असेल तर कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. अशा लेन्सच्या आतली फ्लेक्स केबल पट्टी सतत दुमडून तुटते आणि आठव्या-नवव्या वेळेला लेन्स अर्ध्यात अडकते. शेवटी बिलावरचा सिरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवा. बॉडीची वॉरंटी सहसा देशापुरतीच असते, त्यामुळे दुबईहून आलेला नवा माल बिलासकट असला तरी इथे वॉरंटी लागू आहे का, ते आधी विचारा.

बाकी खरेदी थोडी: एक जादा बॅटरी, ६४ जीबीचं व्ही३० (हा वेगाचा दर्जा) कार्ड, रबरी ब्लोअर, मनगटाचा पट्टा. महागडं यूएचएस-२ कार्ड नको, ए६४०० सारख्या कॅमेऱ्याचा स्लॉट त्या वेगाचा नाहीच. पहिल्या दिवशी कॅमेरा अपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवा, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४००, किमान शटर १/२५०. उन्हात हे सेटिंग काही बिघडवत नाही, घरात वाचवतं.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हाच कॅमेऱ्याचा खरा शत्रू. लेन्सवर 'डब्ल्यूआर' (पाण्या-धुळीला तोंड देणारी) लिहिलंय म्हणून पावसात नेऊ नका. बॉडीही सील केलेली असेल तरच त्याला अर्थ, आणि एक्स-एम५ किंवा आर५० सारख्या छोट्या बॉडी तशा नसतात. एसी ऑफिसमधून बाहेर पडताना कॅमेरा बंद बॅगेत अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. दव धरलेलं असताना लेन्स बदलली तर ते आत सेन्सरवर जातं. चामड्याच्या पाऊचमध्ये आठवडाभर ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, आत छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा दाखवणारा काटा) आणि मूठभर सिलिका जेल एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेल नारिंगी रंगाचं घ्या, हिरवट पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास सुकवून परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका.