फुलांखाली गेलेला प्रश्न

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि मी त्याची ॲडमिन. एका रात्री पावणेबाराला एका आईने लिहिलं, "शुगर ५८ आलीय, पोरगं अर्धवट झोपेत आहे, काय करू?" नेमक्या तेव्हाच कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होत्या. फुगे, फुलं, जोडलेले हात. तिचा प्रश्न बघता बघता पार वर सरकला. मला तो सकाळी दिसला. शुगर ७० च्या खाली गेली आणि मूल गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे आमच्यातल्या जुन्या पालकांना पाठ आहे. त्या रात्री तिला ते कुणीच सांगितलं नाही. डॉक्टरांना फोन लागला म्हणून निभावलं.

माझा राग अनावर झाला. 'विषय सोडून पोस्ट टाकणाऱ्याला काढून टाकू,' असं मी सगळ्यांसमोर लिहिलं आणि रोज सकाळी फुलाचा फोटो टाकणाऱ्या एका काकांचं नावही घेतलं. त्यावर दिवसभर वाद झाला. काकांचं फूल म्हणजे एक मेसेज, माझ्या रागावण्यावर चाळीसेक आले, आणि त्यातला एकही मधुमेहाबद्दल नव्हता. संध्याकाळी काका न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले.

आठवड्याने मी त्यांना फोन केला. त्यांच्या नातवाला मधुमेह आहे. ते म्हणाले, "फुलाला रोज जे उत्तर देतात, त्यांच्यातलं कुणी दोन दिवस गप्प राहिलं की मी वेगळा मेसेज करून विचारायचो, मूल बरं आहे ना." हे मला माहीतच नव्हतं.

इंटरनेटवर कसं वागावं याची एक जुनी नियमावली आहे, १९९५ सालची, आरएफसी १८५५ नावाची. विषय सोडून भरकटू नका, असं तिच्यात आहेच, पण त्याच वाक्यात हेही आहे की दुसऱ्याच्या टायपिंगच्या चुका दाखवायला म्हणून मेसेज पाठवू नका. ते वाचून मी बराच वेळ थांबले. नव्याने आलेल्याने आधी एक-दोन महिने नुसतं वाचावं, असंही तिच्यात सुचवलंय. आमच्याकडे हे चालणार नाही. ज्याच्या मुलाला काल निदान झालंय, त्याने आजच विचारलं पाहिजे.

मग मतदान घेतलं आणि दोन ग्रुप केले, 'मदत' आणि 'गप्पा'. मदतीच्या ग्रुपवर शुगर कमी झाली तर काय करायचं ते पिन केलं आणि मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णवाहिका बोलवा, हे पहिल्या ओळीत लिहिलं. चुकून भलतीकडे पोस्ट टाकणाऱ्याला आता मी खासगीत लिहिते: "फोटो छान आहे, गप्पांवर टाकता का? इकडचा तुम्हीच काढा." मी काढला तर तिथे 'ॲडमिनने काढला' अशी खूण राहते आणि माणूस ओशाळतो. दोनेक महिने हे जवळजवळ रोज लिहावं लागलं. एखाद्या घरी कुणी गेलं तर बातमी मदतीवर एकदाच येते, सांत्वन मात्र त्या घरी वेगळं करायचं, हेही ठरलं.

एका बाबतीत मात्र मी कुणाला विचारत बसत नाही. 'इन्सुलिन कायमचं बंद' असा दावा करणारा, दोन बाणांची खूण असलेला फॉरवर्ड दिसला की मी तो लगेच काढते. तो विषयाला धरून असतो, पण टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबवलं तर जीव जाऊ शकतो.

काका परत आले. त्यांचं फूल आता गप्पांवर सहाला येतं. परवा त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "त्या लहान बाळाची आई दोन दिवस दिसली नाही. कुणी फोन केला का?"

मी केला.