खोडव्यातले पाचट
आज खोडव्याच्या, म्हणजे ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या, सरीतले पाचट (उसाची वाळलेली पाने) हाताने बाजूला सारून पाहिले, तर खालची माती गार व ओलसर होती आणि उजेड न मिळाल्याने घोळ, माठ यांसारखे बियांपासून उगवणारे तण जवळजवळ दिसलेच नाही. लव्हाळा मात्र टोकदार कोंबाने थर भेदून वर येतो; तो खुरप्यानेच काढावा लागतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट पेटवून सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात घालवलेले पाहून जीव तुटतो. बुडखे मात्र मोकळे ठेवून जमिनीलगत छाटावेत, नाहीतर फुटवे विरळ येतात. पाचट कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलेच नत्र वापरतात आणि ऊस पिवळा पडू शकतो, म्हणून हेक्टरी ८० किलो युरिया पाचटावर टाकला आहे.