अंगावर पाजता पाजता तीन सुया

परवाच्या लसीकरण सेशनचं लिहायचंच होतं. मी एएनएम (गावात लसी देणारी आरोग्य सेविका) आहे, सेशन अंगणवाडीत असतं. गावातलं एक चार महिन्यांचं बाळ, दीड महिन्याला पहिला डोस झाला आणि नंतर आई फिरकलीच नाही, आशाताई दोनदा घरी जाऊन आली. आई म्हणायची, ते रडणं मला परत बघवणार नाही. तेव्हा मीच त्याला टेबलावर आडवं पाडून पाय दाबून धरायला लावले होते, आम्हाला शिकवलंच तसं होतं. ते आता आठवलं की वाईट वाटतं.

मध्यंतरी आमच्या एमओ (वैद्यकीय अधिकारी) मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं की डब्ल्यूएचओने २०१५ मध्येच लस देतानाच्या वेदनेवर सूचना काढल्यात, बाळ आडवं पाडायचं नाही, आईच्या कुशीत ठेवायचं, शक्य असेल तर अंगावर पाजत असतानाच सुई द्यायची, सुई टोचल्यावर रक्त येतंय का बघायला पिस्टन मागे ओढायचा नाही (त्यानेच सुई जास्त वेळ आत राहते) आणि जास्त दुखणारी लस शेवटी.

आशाताईने यावेळी आईला कसंबसं आणलं, सोबत आजी. मी म्हटलं ताई, पाजायला घ्या. तर आजी लगेच, "अवो सिस्टर, दूध पिताना सुई? ठसका लागंल की लेकराला!" त्यांना शांतपणे सांगितलं की तशी भीती नाही, आणि मी इथंच बसलेय.

पोलिओ, रोटाचे (जुलाबावरचे) थेंब आधी देऊन टाकले. मग कोपऱ्यात साडी आडवी लावली, आईला डाव्या बाजूला पाजायला सांगितलं, तसं घेतलं की बाळाची डावी मांडी वर येते, पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) तिथंच द्यायचं असतं. पाचेक मिनिटं थांबले, बाहेर रांग होती तरी थांबले, कारण बाळ नीट ओढायला लागल्याशिवाय काही उपयोग नाही. सुई गेली, बाळाने डोळे उघडले, एकदा कुंथलं आणि परत ओढायला लागलं. आई माझ्याकडे बघतच राहिली. मग बाजू बदलली, उजवा दंड आणि उजवी मांडी वर आली, दंडात एफआयपीव्ही (पोलिओची टोचायची लस) आणि शेवटी मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियावरची लस). पीसीव्हीला मात्र रडलं, जोरात रडलं, पण किती, मी सुई कटरमध्ये टाकेपर्यंत गप्प!

आजी काहीच बोलल्या नाहीत, नुसता बाळाच्या तळपायावरून हात फिरवत बसल्या. अर्धा तास थांबवून मगच घरी सोडलं.

पेंटानंतर ताप येतो तो पाजल्याने थोडाच टळतो, तो आलाच. रात्री आईचा फोन, ताप आहे, दिलेलं औषध पाजलंय. आणि मग, सिस्टर कार्डावरची पुढची तारीख नीट वाचता येत नाहीये, तीन आहे का आठ?